षष्ठी आणि मालकी

भाषेंत जे फेरफार होतात ते विद्वानांच्या लक्षांत येण्यापूर्वीं बहुधा घरांतील लहान मुलांच्या तोंडून ऐकूं येतात. डोंबिवलीस एका स्नेह्यांच्या घरीं परवां सायंकाळीं आम्ही बसलों असतां असाच एक प्रकार आमच्या कानांवर आला. स्नेह्यांची सात-आठ वर्षांची नात इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत जाते. घरांतील बोलणें अर्थात् मराठींतच. 'तुला मावश्या किती?' असें आम्हीं तिला सहज विचारलें. 'माझ्याकडे दोन मावश्या आहेत,' तिनें चटकन् उत्तर दिलें. आजी आंतून भाजी निवडतां निवडतां म्हणाली, 'अगं, कुठें ठेवल्या आहेस त्या? कपाटांत कीं माळ्यावर?' सर्व मंडळी हंसली. मुलगीही हंसली, पण आपलें चुकलें काय, हें तिला कळलें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर तेथें जमलेल्या पदवीधरांपैकीं कोणासही तें तिला समजावून सांगतां येईना. 'असें म्हणत नाहींत' यापलीकडे कोणाची गाडी जाईना. तीस वर्षें इंग्रजी शिकविण्यांत घालविलेले आम्हीही त्यांतलेच. त्या फजितीचें फळ म्हणजे प्रस्तुत लेख होय.

विचार करूं लागल्यावर आमच्या ध्यानांत आलें तें असें, कीं ह्या मुलीची चूक ही तिची नव्हे. ती आपल्या दोन-तीन पिढ्यांच्या एका जुन्या चुकीची नात आहे. इंग्रजी शिकवितांना फळ्यावर एक समीकरण लिहिण्याचा प्रघात आहे: चा, ची, चें म्हणजे अपॉस्ट्रॉफी आणि एस्, किंवा ऑफ, या विभक्तीस मराठींत षष्ठी म्हणतात, इंग्रजींत पझेसिव्ह म्हणतात, आणि तिचा अर्थ मालकी. आम्हीही हें समीकरण लहानपणीं पाठ केलें व पुढें दुसऱ्यांकडून पाठ करून घेतलें. तें तिन्ही ठिकाणीं लंगडें आहे आणि त्यानें आधीं आपलें इंग्रजी बिघडविलें व आतां तें आपली मराठी बिघडवीत आहे, असें आमचें म्हणणें आहे.

ठाणें, कल्याण, डोंबिवली ह्या भागाशीं या समीकरणाचा संबंध जवळचा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली व पुढच्याच वर्षीं ती कल्याणपर्यंत गेली. त्या रुळांवरून मुंबईच्या कचेऱ्यांत जाणारा जो पांढरपेशा वर्ग येथें हळूहळू वसला, त्याची भाकरी इंग्रजी अर्ज बिनचूक लिहिण्यावर अवलंबून होती. त्यास हात दिला तो तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेनें. घरच्या घरीं, मास्तरांवांचून, मराठी वाक्यावरून इंग्रजी वाक्य बनविण्याची ती रीति किती जणांच्या उपयोगी पडली ह्याची गणती नाहीं. त्यापूर्वीं १८३६ सालीं दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' लिहून मराठीसच नियमांत बसविलें होतें. तर्खड हें गांव वसई तालुक्यांतलें; हा तालुका २०१४ सालापर्यंत ठाणें जिल्ह्यांत मोडत असे, आतां तो पालघर जिल्ह्यांत आहे. तेव्हां मराठीचें व्याकरण आणि इंग्रजीचें भाषांतर हे दोन्ही धडे आपणांस जुन्या ठाणें जिल्ह्यांतील एकाच गांवच्या नांवाखालीं मिळाले असें म्हणावयास हरकत नाहीं. आणि 'तर्खडकर' ह्या शब्दाचा अर्थ तरी काय? तर्खडचा. यांत तर्खड त्या गृहस्थाचें मालक नव्हे, कीं गृहस्थ तर्खडचा मालक नव्हे. केवळ नातें आहे. आमच्या सर्व प्रतिपादनाचें बीज ह्या एका आडनांवांत आहे.

प्रथम इंग्रजीची बाजू पाहूं. शिकणाऱ्यास सर्वांत छळणारी वस्तु म्हणजे तो वर टांगलेला स्वल्पविराम. 'बॉइज' हा उच्चार घ्या. त्याचे अर्थ तीन: मुलगे, मुलाचा, मुलांचा. कानास तिन्ही सारखे. आमच्या देवनागरींत लिहावयास गेलें तर तिन्ही एकरूपच होतात. इंग्रजी लिपि मात्र पहिल्यास कोरडा सोडते, दुसऱ्यास एस् च्या आधीं चिन्ह देते, तिसऱ्यास एस् च्या नंतर. म्हणजे हा नियम जिभेचा नाहीं, डोळ्याचा आहे. मुद्रकांनीं पाडलेला आहे. जुन्या इंग्रजींत पुष्कळ नामांची षष्ठी 'एस्' ह्या पूर्ण अक्षरानें होत असे. त्यांतील स्वर पुढें गळाला आणि गळालेल्या स्वराची खूण म्हणून हें चिन्ह आलें. संस्कृत वाचलेल्यांस हें सांगणें सोपें आहे: 'रामोऽपि' यांतील अवग्रह जें काम करतो तेंच काम मुळांत अपॉस्ट्रॉफीचें. सोळाव्या शतकांत इंग्रजी छापखान्यांत आलेलें हें चिन्ह षष्ठीसाठीं सरसकट रूढ होण्यास आणखी शंभर-दीडशें वर्षें लागलीं, आणि अनेकवचनाच्या षष्ठीची जागा तर त्याहूनही उशीरां ठरली.

ह्या बाबतींत खुद्द इंग्रज पंडितही फसले आहेत. १७११ सालीं 'स्पेक्टेटर' मध्यें ॲडिसननें असें प्रतिपादिलें कीं, हा एस् म्हणजे 'हिज' व 'हर' यांचा अवशेष होय. ही कल्पना त्या काळीं पुष्कळांस पटली होती. तिच्यामागें हेंच मालकीचें भूत होतें: राजा, त्याचा मुकुट, दोघांमध्यें एक 'त्याचा' पाहिजेच! डॉ. जॉन्सननें १७५५ सालच्या आपल्या कोशास जोडलेल्या व्याकरणांत ही कल्पना खोडली. स्त्रीवाचक शब्दासही हाच एस् लागतो, तेथें 'हिज' कोठून येणार, हा त्याचा बिनतोड प्रश्न होता. 'इट्स' ची कथाही अशीच. निर्जीवाचें हें षष्ठीरूप इतकें अलीकडचें आहे कीं १६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलांत तें आढळत नाहीं. त्या जागीं बहुधा 'हिज' येई. आरंभीं त्याला चिन्ह देत, पुढें काढून टाकलें. आज 'त्याचा' या अर्थीं चिन्ह नाहीं, आणि 'इट् इज' चा संक्षेप असेल तेव्हां आहे. विद्यार्थी येथें चुकला तर त्याला मूर्ख म्हणण्यापूर्वीं शिक्षकानें हा इतिहास आठवावा.

लोकलच्या डब्यावरील 'लेडीज' ही पाटी पाहून आमचे एक सहाध्यापक नेहमीं हळहळत असत, कीं येथें चिन्ह नाहीं. लंडनच्या भुयारी रेल्वेवर 'अर्ल्स कोर्ट' आणि 'बॅरन्स कोर्ट' अशीं दोन स्टेशनें पिकॅडिली मार्गावर लागोपाठ आहेत. पहिल्याच्या नांवांत अपॉस्ट्रॉफी आहे, दुसऱ्याच्या नांवांत नाहीं. ज्यांची भाषा त्यांच्याच दारांत ही स्थिति, तर आम्हीं डोंबिवलीच्या फलाटावर उभे राहून उसासे कशाला टाकावे? नियम शिकवावा, पाळावा, पण त्याला धर्म करूं नये.

परंतु चिन्हाची चूक ही वरवरची होय; खरी चूक अर्थाची आहे. 'पझेसिव्ह' म्हणजे मालकीदर्शक हें नांव अठराव्या शतकांतील इंग्रजी व्याकरणकारांनीं रूढ केलें व लिंडले मरे याच्या १७९५ च्या व्याकरणासारख्या शालेय पुस्तकांनीं तें देशोदेशीं पोंचविलें. इंग्रजीच्या पोटांतही तें पचत नाहीं. 'दोन दिवसांची रजा' ह्यास इंग्रजींत 'टू डेज लीव्ह' म्हणतात, आणि त्या 'डेज' वर चिन्ह पाहिजे. आमच्या कारकून बांधवांनीं असे अर्ज किती लिहिले असतील! त्यांतील बहुतेकांत तें चिन्ह नसे, आणि त्याचें कारण आळस नव्हतें. षष्ठी म्हणजे मालकी असें शिकलेल्या माणसास दोन दिवस हे रजेचे मालक कसे, हें सुचणार कसें? मालक तर साहेब!

आपल्या पूर्वजांनीं ह्या विभक्तीस असें एखादें अर्थाचें नांव दिलें नाहीं. नुसता क्रमांक दिला, सहावी. यांत मोठें शहाणपण आहे. पाणिनीच्या पद्धतींत कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान, अधिकरण अशीं सहा कारकें आहेत. त्यांत षष्ठीस स्थान नाहीं. क्रियेशीं ज्यांचा थेट संबंध ते सर्व अर्थ वांटून झाल्यावर जो संबंध उरतो तो षष्ठीचा, अशी ती व्यवस्था आहे. पतंजलीनें तर षष्ठीचे अर्थ शंभरांवर आहेत असें म्हटलें आहे. मालकी हा त्या शंभरांतील फार तर एक. दादोबांपासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत आमच्या व्याकरणकारांनीं विभक्तिविचारावर पुष्कळ परिश्रम केले. पण शाळेंतील मुलांच्या पदरांत पडलें तें फक्त प्रत्ययांचें कोष्टक, आणि त्याच्या शेजारीं इंग्रजीच्या तासाला लिहिलेला 'मालकी' हा शब्द.

मराठी षष्ठीचें सामर्थ्य पाहावयाचें असेल तर लांब जाण्याचें कारण नाहीं. 'कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ चें आणि ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चें' एवढें वाक्य पुरे आहे. त्यांत चार षष्ठ्या आहेत. दोन स्थळाच्या, दोन काळाच्या, आणि मालकीची एकही नाहीं. तेथील वर्गणीदार त्यास 'आमचें वाचनालय' म्हणतो, तेव्हांही एका वीटेवर त्याचा हक्क नसतो. चाळींतील भाडेकरू 'माझी खोली' म्हणतो आणि तें खोटें नसतें. सकाळीं धांवत जिना चढणारा 'माझी गाडी चुकली' म्हणतो. ती गाडी त्याच्यासाठीं क्षणभरही थांबली नसते, तरी ती त्याची असते.

शिवाय मराठीचा हा प्रत्यय दोन धन्यांची चाकरी करतो. 'तिचा भाऊ, तिची बहीण, तिचें घर' यांत 'ति' हा अंश ज्याचें आहे त्याकडे पाहतो आणि 'चा, ची, चें' हा अंश जें आहे त्याकडे पाहतो. म्हणूनच षष्ठ्यंत शब्द विशेषणासारखा चालतो. 'त्याचे वडील' येथें एकाच वडिलांस आपण अनेकवचन देऊन नमस्कार करतों. 'आमचें घर' म्हणतांना ऐकणारा बाहेर राहतो, 'आपलें घर' म्हणतांना तो आंत येतो. ह्यांतलें इंग्रजी 'हिज' किंवा 'अवर' यास कांहीं सांगतां येत नाहीं. तें त्या भाषेचें वैगुण्य नव्हे. तिचे हिशेब निराळे आहेत. मराठींत 'रविवर्म्याचें चित्र' म्हटलें तर त्यानें काढलेलें, त्याच्या संग्रहांतलें, कीं त्याच्यावर काढलेलें, हें संदर्भावरून ओळखावें लागतें. इंग्रजींत 'ए पिक्चर ऑफ द किंग' म्हणजे राजाची तसबीर आणि 'ए पिक्चर ऑफ द किंग्ज', चिन्ह घालून, म्हणजे राजाच्या चित्रांपैकीं एक. येथें त्यांचा बारकावा सरस आहे. दोन भाषांचे बारकावे दोन ठिकाणीं आहेत, आणि समीकरण मांडलें कीं दोन्ही पुसले जातात.

त्याचा पहिला परिणाम आमच्या इंग्रजीवर झाला. 'माझा एक मित्र' ह्याचें 'माय वन फ्रेंड' असें भाषांतर आम्हीं उत्तरपत्रिकांतून इतक्या वेळां खोडलें आहे कीं तांबड्या शाईचा खर्च आठवावा. मराठींत 'माझा' हें विशेषण आहे, त्याच्या पाठीशीं 'एक' सुखानें बसतो. इंग्रजींत 'माय' हा शब्द नामापुढील जागा अडवून बसतो. 'वन' त्याच्या मागून आला तर 'माझा एकुलता एक मित्र' असें ऐकूं येतें. म्हणून ते 'ए फ्रेंड ऑफ माइन' असा वळसा घेतात. हें समजलें तर चूक एका दिवसांत जाते. समीकरण पाठ असेल तर जन्मभर जात नाहीं. सजीवास एस् व निर्जीवास ऑफ हा दुसरा शालेय नियमही असाच अर्धवट. सामान्यतः तो चालतो. पण दिवस, आठवडा, जग, देश, जहाज यांस इंग्रज सर्रास एस् लावतो. आणि 'सिटी ऑफ ठाणें' यांत ठाणें कशाचेंही मालक नाहीं. तें शहराचें नांव आहे. आपण तेथें षष्ठी न घालतां सरळ 'ठाणें शहर' म्हणतों.

हें सर्व इंग्रजीपुरतेंच असतें तर आम्हीं लेखणी उचलली नसती. परक्या भाषेंत माणूस चुकावयाचाच. पण आतां पाणी उलट वाहूं लागलें आहे, व येथें आम्ही त्या मुलीकडे परत येतों. इंग्रजींत 'हॅव' नांवाचें एक क्रियापद आहे. घर, भाऊ, पैसे, ताप, धैर्य, वेळ, प्रश्न, सर्व कांहीं इंग्रज माणूस त्या एका क्रियापदानें बाळगतो. मराठींत असें क्रियापदच नाहीं. आपल्याला तें लागलेंही नाहीं, कारण आपण प्रत्येक वेळीं नातें कोणतें हें आधीं पाहतों. 'मला दोन भाऊ आहेत,' 'गाईला दोन शिंगें आहेत,' 'मला ताप आहे': रक्ताचें, अंगाचें, किंवा येऊन भिडलेलें जें असेल तें चतुर्थीनें. 'माझ्याजवळ पैसे आहेत': जें हातांत आहे तें. 'त्यांच्याकडे मोटार आहे': जें स्वाधीन आहे, दारीं आहे तें. 'तिच्या अंगीं धैर्य आहे': गुण. आणि 'हें माझें घर आहे': मुख्य संबंध. लॅटिन भाषेंतही 'मला पुस्तक आहे' अशाच चतुर्थीच्या रचनेनें असणें सांगण्याची रीति होती. तेव्हां ही कांहीं मागासलेल्या भाषेची उणीव नव्हे.

ह्यांतलें 'कडे' पाहा. आपल्या ह्या भागांत भाद्रपदांत शेजारी शेजाऱ्यास सांगतो, 'आमच्याकडे पांच दिवसांचा गणपति असतो.' गणपति आपल्या घरीं येतो, राहतो, जातो. त्यावर कोणाची मालकी नाहीं. आपण यजमान आहों. हा सबंध भाव त्या एका 'कडे'त आहे. आतां 'माझ्याकडे दोन मावश्या आहेत' ह्या वाक्यानें आजीस हंसूं कां आलें, तें स्पष्ट होईल. मावश्या मुक्कामास आल्या असत्या तर तें वाक्य अगदीं शुद्ध होतें! मुलीनें शब्द मराठी वापरले, पण मनांत क्रियापद 'हॅव' होतें. आणि त्यास जुळेल असा एकच शब्द तिनें हेरून ठेवला, 'कडे'. मोठी माणसें तरी काय निराळें करतात? 'माझ्याकडे एक प्रश्न आहे' असें सभांतून सुशिक्षित वक्ते म्हणतात; 'मला एक विचारायचें आहे' हें सरळ वाक्य त्यांस गांवठी वाटूं लागलें आहे.

भाषा बदलतेच, त्यांत रडावयाचें काय, असा आक्षेप कोणी घेतील. बदलते हें आम्हांस मान्य आहे. 'कडे' हा शब्द मुळांत दिशा दाखविणारा. तो घर व ताबा दाखवूं लागला हाही बदलच, आणि चांगला बदल. टेबल, स्टेशन, पेन्सिल आपण घेतलीं, त्यांनीं घर भरलें. घरांतलें कांहीं गेलें नाहीं. परंतु येथें पांच खोल्यांच्या भिंती पाडून एक मोठा दिवाणखाना होत आहे. भाऊ, ताप, पैसे आणि गणपति ह्या सर्वांशीं आपलें नातें एकाच तऱ्हेचें आहे असें बोलण्याची संवय लागली, तर तीं नातीं निरनिराळीं आहेत हें सांगण्याचें साधन आपल्या मुलांच्या हातांत राहणार नाहीं. आमचें दुःख शब्दांबद्दल नाहीं, ह्या साधनाबद्दल आहे.

उपाय कठीण नाहीं. शिक्षकांनीं फळ्यावरचें तें समीकरण पुसावें. 'मालकी' ह्या शब्दाच्या जागीं 'संबंध' हा शब्द घालावा, आणि भाषांतरापूर्वीं मुलास एकच प्रश्न विचारावा: नातें कोणतें? त्याचें उत्तर आलें म्हणजे इंग्रजींत एस्, ऑफ कीं हॅव, आणि मराठींत मला, माझें, माझ्याजवळ कीं माझ्याकडे, हें उदाहरणांवरून शिकवितां येतें. घरांतल्या वडील माणसांनीं त्या आजीप्रमाणें हंसावें, पण हंसून झाल्यावर कारणही सांगावें.

गेल्या आठवड्यांत आम्ही पुन्हा डोंबिवलीस गेलों आणि आमचें देणें फेडलें. मुलीस जवळ बसवून सांगितलें, 'हें पाहा, जें कोणाच्या हातीं देतां येतें, घरीं ठेवतां येतें, तें आपल्याकडे असतें. आणि जें नात्यानें येतें, तें आपल्याला असतें.' तिनें थोडा विचार केला व म्हणाली, 'म्हणजे नाशिकची आजी मला आहे. पण मे महिन्यांत ती आमच्याकडे असते.' आम्हीं मान डोलविली. ह्यापेक्षां स्वच्छ उदाहरण आम्हांस तीस वर्षांत वर्गांत देतां आलें नव्हतें.